उपदेश पुरे, पोरांना संध्याकाळ द्या

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक साधा प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजायचा. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही बंद आणि मोबाइल बाजूला, ते थेट साडेआठपर्यंत. या दीड तासात पोरांनी अभ्यास-वाचन करायचं आणि मोठ्यांनीही स्क्रीनपासून लांब राहायचं. पेपरांत बातमी आली तेव्हा बहुतेकांना भोंग्याचंच कौतुक वाटलं. माझ्या मते खरी गंमत वेगळीच होती. 'सगळ्यांच्या घरी चालतं, मलाच का नाही?' या वाक्यापुढे प्रत्येक आई-बाप हात टेकतात. तिथे ते वाक्यच निकालात निघालं, कारण सगळ्यांच्याच घरी बंद होतं.

आइसलँडने हेच काम देशपातळीवर आणि बऱ्याच आधी केलं. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती आणि २३ टक्के मुलं रोज सिगारेट ओढत होती. २०१६ पर्यंत हे आकडे ५ आणि ३ टक्क्यांवर आले. व्यसनमुक्तीची भाषणं तिथे आधीही होत होती, त्याने फरक पडला नव्हता. मग मुलांना प्रश्नावल्या देऊन त्यांनी शोधलं की व्यसनापासून लांब राहणाऱ्या मुलांच्या आयुष्यात नेमकं काय असतं. चार गोष्टी सापडल्या: आठवड्यातून तीन-चारदा शिस्तीत होणारा खेळ किंवा छंद, आई-वडिलांसोबत जाणारा एकूण वेळ, शाळेत कुणीतरी आपली काळजी करतं ही भावना, आणि रात्री उशिरा बाहेर न भटकणं. मग कामाला लागायची जागाही ठरली: खेळाला सरकारी पैसा, आणि पालकांचे आपसात लेखी करार.

आपल्याकडे आइसलँडसारखा पैसा नाही आणि आपल्या पोरांची संध्याकाळ क्लासने खाल्लेली असते. तरी ही चौकट इथे बसते. खालच्या पायऱ्या बारा ते अठरा वयाच्या मुलांचे आई-बाबा, वर्गशिक्षक, सोसायटीची कमिटी किंवा गल्लीतलं मंडळ यांच्यासाठी आहेत. एकाच घराने एकट्याने सगळं करायला जाऊ नये, दमछाक होते.

पहिली पायरी: संध्याकाळ कागदावर मांडा

आठवडाभर काहीही न बदलता फक्त लिहून काढा. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत मूल कुठे असतं, कुणासोबत, काय खातं आणि घरातलं मोठं माणूस त्या वेळी कुठे असतं. मुलालाच लिहायला सांगितलंत तर उत्तम, पण हेरगिरीचा वास आला की वही कोरी राहील. आधी स्वतःची संध्याकाळ लिहून दाखवा.

कागदावर एक-दोन भोकं हमखास दिसतात. शाळा आणि क्लास यांच्यामधला तासभर, जेव्हा पोटात भूक आणि खिशात वीस रुपये असतात. किंवा क्लास सुटल्यावर टपरीजवळ गाड्या लावून रेंगाळण्याचा वेळ. किंवा साडेदहानंतरचा, दार लावून घेतलेल्या खोलीतला वेळ. पुढच्या सगळ्या पायऱ्या या भोकांसाठीच आहेत. जिथे भोक नाही तिथे उगाच ठिगळ लावू नका.

दुसरी पायरी: चार घरं गाठा

आपल्या मुलाचे सर्वात जवळचे तीन-चार मित्र किंवा मैत्रिणी कोण, त्यांच्या घरच्यांचे नंबर आपल्याकडे आहेत का? बऱ्याच घरांत नसतात. एखाद्या रविवारी चहाला बोलवा. विषय मुलांच्या तक्रारींचा नको, नाहीतर प्रत्येक जण आपल्या पोराची वकिली करायला बसतो. तीनच गोष्टी ठरवा: रात्री घरी यायची वेळ, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायची वेळ, आणि वाढदिवसाच्या पार्टीला एक तरी मोठं माणूस घरात असणं. जमेल तेवढंच ठरवा, पण चारही घरी तेच असू दे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आठवड्यातून एकदा हॉटेलात नेलं की मुलाला 'क्वालिटी टाइम' दिला, असं मानायची फॅशन आहे. आइसलँडच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला तो एकूण वेळ. रोजचं एक जेवण सोबत घेणं, भाजी आणायला सोबत जाणं, एकाच खोलीत आपापलं काम करत बसणं, हे सगळं त्यात येतं. मुलगा गप्प बसला तरी तो वेळ वाया जात नाही.

तिसरी पायरी: मैदान उभं करा

सगळी मेहनत इथे लावायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करायला हवी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वयातली ८१ टक्के मुलं तेवढं करत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे.

जागा. शाळेचं पटांगण संध्याकाळी कुलपात असतं. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या. अर्जात वेळ, जबाबदार दोन मोठ्यांची नावं आणि 'मैदान झाडून परत देऊ' हे वाक्य घाला. शेवटच्या वाक्याने निम्मं काम होतं. पटांगण नसेल तर सोसायटीची गच्ची चालणार नाही, पण बंद पडलेला प्लॉट, मंदिराचं आवार किंवा बाजाराचं मैदान आठवड्यातून चार दिवस मिळू शकतं.

खेळ. क्रिकेटने सुरुवात करू नका. बॅटिंग दोघं करतात आणि बाकीचे लाँग ऑनला उभं राहून मोबाइल बघतात. कबड्डी, खो-खो, लंगडी, लगोरी, डॉजबॉल यांत सगळे पळतात आणि खर्च जवळजवळ शून्य. कबड्डीसाठी १२ बाय ८ मीटरचं मैदान फक्कीने आखलं की झालं. किशोर मुलांना आणि मुलींना तेवढं पुरतं. खडे वेचण्याचं काम आधी करा, गुडघे सोलले की तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं येत नाहीत.

दादा आणि ताई. हा सगळ्या लेखाचा गाभा आहे. चौदा वर्षांचं पोर आई-बापाचं ऐकत नाही, पण एकोणीस वर्षांच्या दादाची चालण्याची ढबसुद्धा उचलतं. अविनाश साबळेसारखा बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्यातून निघून आशियाई सुवर्णपदकापर्यंत गेलेला धावपटू भिंतीवर लावायला छान आहे, लावाच. रोजच्या सवयींवर मात्र रोज दिसणाऱ्याचा परिणाम जास्त होतो. तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे पाचला मैदानावर जा. पोलीस भरतीची मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर मारताना दिसतील. घाम गाळणारे, वेळेवर झोपणारे, 'दम कमी पडेल' म्हणून तंबाखूला शिवत नसलेले असे दादा-ताया आपल्या गावातच आहेत. त्यांना गाठा. महिन्याला बुटांपुरते पैसे आणि मंडळाच्या कार्यक्रमात मानाचा नारळ एवढ्यावर बरेच जण तयार होतात.

निवडताना डोळे उघडे ठेवा. तंबाखू मळणारा दादा कितीही चांगला रेडर असला तरी नको. आणि सुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा: मैदानावर कायम दोन मोठी माणसं, कुणाही मुलाशी एकट्याने बंद जागेत भेट नाही, निरोप फक्त पालकही असलेल्या ग्रुपवर, आणि पालकांनी कधीही न सांगता येऊन बघावं. चांगल्या प्रशिक्षकाला याचा राग येत नाही.

न खेळणारं पोर. प्रत्येक मैदानाच्या कडेला एक तरी असतं. वजन जास्त असलेलं, चष्मा सांभाळणारं किंवा कुणीतरी हसेल म्हणून घाबरलेलं. संवाद साधारण असा होतो:

'दादा, मी नुसता बघतो.'

'बघ की. पण बघता बघता गुण लिही. ही वही, हा पेन. कुणी बाहेर झालं की मोठ्याने ओरडायचं.'

आठवड्याभरात हा गुणलेखक नियमांवरून भांडायला लागतो. मग एके दिवशी एक जण कमी पडतो आणि दादा सहज म्हणतो, 'आज तू उभा राहा रे, कोपऱ्यात.' त्या दिवशी टाळ्या वाजवू नका. काहीच घडलं नाही असं वागायचं.

मुली. आठवी-नववीत मुली मैदानावरून गळतात आणि सगळे म्हणतात, 'त्यांना आवड नाही.' आवड असते. नसतो तो उजेड, स्वच्छ संडास, कपडे बदलायला जागा आणि ओट्यावर बसून शेरे मारणाऱ्यांपासून सुटका. वेळ दिवस मावळण्याआधीची ठेवा, घरी जाताना गट करून जाऊ द्या, प्रशिक्षक ताई असू दे आणि पॅडचं पाकीट प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवा. पाळीत खेळायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं, तब्येतीला त्यात अपाय नाही. 'लवकर दमते' असं दिसलं तर आळस म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून बाहेर जाते की पोटात, हेही विचारा. ती जेवणानंतर घ्यायची आणि लगेच वर चहा प्यायचा नाही.

दहावी. जूनमध्ये पालक येऊन सांगतात, 'यंदा दहावी आहे, खेळ बंद.' भांडू नका. साडेपाच ते सहा असा अर्ध्या तासाचा वेगळा गट करा. अर्धा तास पळून आलेलं मूल रात्री पुस्तक घेऊन जास्त टिकतं हे एकदा घरच्यांना दिसलं की तक्रार थांबते.

तालीम, ढोल-ताशा पथक, गणपती मंडळ ही आपल्याकडची तयार मैदानंच आहेत, त्यांचा उपयोग करा. जिमबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. व्यायाम शिकवण्याआधी पावडरचा डबा विकणारा ट्रेनर दिसला तर दुसरी जिम शोधा. अठराच्या आतल्या मुलाने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडर घेऊ नये, आणि इंजेक्शनाचा विषय निघाला तर तिथून सरळ घरी.

चौथी पायरी: चार वाजताची भूक

मुलांच्या खाण्याबद्दलची बहुतेक भांडणं रात्रीच्या जेवणावर होतात. खरा निकाल संध्याकाळी चार-पाचला लागलेला असतो. भुकेलं पोर जे समोर दिसेल ते खातं, म्हणून समोर काय आहे हे बदला. फुटाणे-शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेली अंडी, मोडाची मटकी कांदा-लिंबू घालून, केळी, पेरू, ताक. यातलं काहीतरी डोळ्यांसमोर, झाकण काढलेलं, दप्तराजवळ. बिस्किटांचे पुडे वरच्या फळीवर ठेवू नका, मुळात आणूच नका. घरात असलेली वस्तू 'खाऊ नको' म्हणणं हे रोजचं भांडण विकत घेणं आहे. वडापाव मैदानानंतर, सगळ्यांसोबत, आठवड्यातून एकदा, बिनधास्त. त्याची चोरटी मजा काढून घेतली की तोही जागेवर राहतो.

'तब्येतीला वाईट' हे कारण चौदा वर्षांच्या मुलाला पटत नाही, कारण परिणाम त्याच्या चाळिशीत दिसणार असतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेत आठवीच्या मुलांवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे कामाचा आहे. एका गटाला नेहमीचे पोषणाचे धडे दिले. दुसऱ्या गटाला सांगितलं की कंपन्या लहान मुलांना ओढण्यासाठी पदार्थ आणि जाहिराती कशा रचतात, आणि याला नकार देणं म्हणजे या लबाडीविरुद्ध बंड आहे. दुसऱ्या दिवशी, या धड्याशी संबंध आहे हे माहीत नसताना, दुसऱ्या गटाने खाऊ निवडताना आरोग्याला बरे पदार्थ जास्त निवडले. या वयात बंडखोरी असतेच, तिला योग्य शत्रू द्यायचा.

हे वर्गात असं करा. थंड पेयाची ६०० मिलीची रिकामी बाटली आणा आणि मागची बारीक अक्षरं मुलांना वाचायला लावा. साध्या कोलाच्या १०० मिलीत १० ते ११ ग्रॅम साखर असते. गुणाकार त्यांनीच करायचा, आणि तेवढी साखर वजनकाट्यावर मोजून रिकाम्या ग्लासात ओतायची. साठ ग्रॅमच्या वर जाते. मग फळ्यावर लिहा: दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५० ग्रॅम. तुम्ही काही बोलू नका. मागच्या बाकावरून 'आयला!' ऐकू येईल, तोच धडा.

एनर्जी ड्रिंकच्या डब्याचंही असंच. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि ते लहान मुलांसाठी योग्य नाही ही सूचना डब्यावरच छापलेली असते. ती शोधायला लावा. इतक्या बारीक अक्षरात का छापली, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

पाचवी पायरी: शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड

मुलांना घेऊन चालत मोजा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि अठराखालच्या मुलाला तर कुठेच नाहीत. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने दाखवायची असते. रेषा नसेल तर मुख्याध्यापकांना सांगून मुलांकडूनच रंगवून घ्या. फाटकापासून ५० मीटरमध्ये जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकण्यावरही अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. गुटखा राज्यात २०१२ पासून आणि ई-सिगारेट देशभर २०१९ पासून बंद आहे. व्हेप, म्हणजे ई-सिगारेटच, पेन किंवा पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि गोड वास येतो, म्हणून तो पालकांच्या लक्षात येत नाही.

टपरीवाल्याशी आधी माणसासारखं बोला. त्याचंही पोट आहे. राजगिरा चिक्की, केळी, लिंबू सरबत खपतं हे दाखवा, मंडळाची रोजची ऑर्डर द्या. ऐकलं नाही तर शाळेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला पत्र. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते हे त्याला बहुधा माहीत नसतं. घरातल्या आजोबा-काकांनाही नसतं. 'जा रे, कोपऱ्यावरून पुडी आण' हे काम पोराला सांगणं आजपासून बंद.

वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ करून बघा. प्रत्येकाला दोन सारख्या चिठ्ठ्या, नाव लिहायचं नाही. पहिलीवर: आपल्या वर्गातल्या शंभरातल्या किती जणांनी गेल्या महिन्यात तंबाखू, खर्रा किंवा सिगारेट घेतली असेल? दुसरीवर: तू घेतलीस का, हो की नाही? अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त आकडा आणि फुली. बेरीज शिक्षकांनी नाही, मुलांनी करायची. अंदाज सहसा खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो. देशाचा आकडाही शेजारी लिहा: २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी होती. म्हणजे दहातली नऊ नाहीत. 'सगळेच करतात' या समजातून सुरू होणाऱ्याला एवढं पुरतं. तुमच्या वर्गाचा आकडा खरोखरच मोठा निघाला तर मात्र फळ्यावर लिहू नका. तो मुख्याध्यापकांकडे न्या आणि कामाला लागा.

फिलाडेल्फियातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये व्हिडिओ गेमवर गाडी चालवायला लावून दाखवलं होतं की किशोरवयीन मुलं एकटी असताना घेतात त्यापेक्षा मित्र बघत असताना जास्त धोका पत्करतात, आणि मोठ्या माणसांत तेवढा फरक पडत नाही. म्हणून 'नाही म्हण' एवढं सांगून भागत नाही, नाही म्हणायला चेहरा वाचवणारं कारण हातात द्यावं लागतं. 'उद्या सिलेक्शन आहे', 'दादा तोंडाचा वास घेतो' ही चालणारी कारणं. शिवाय घरच्यांशी एक खूण ठरवा. मुलाने फोनवर नुसतं 'जेवायला काय आहे?' विचारलं की तुम्ही तिकडून मोठ्याने ओरडायचं, 'पाहुणे आलेत, लगेच ये.' घरी आल्यावर त्या रात्री चौकशी नाही. ही अट मोडलीत तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

सहावी पायरी: झोप उलटी मोजा

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिराने झोप आणतं, तो नुसता आगाऊपणा नसतो. राज्य सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं. नववी-दहावीवाल्यांना खरी गरज, आणि तेच सातच्या शाळेत पेंगतात. असो. उलटं मोजा: सातची शाळा म्हणजे सहाला उठणं, म्हणजे दहाला झोप. नऊला सुटणारा क्लास यात बसत नाही, तो बदला किंवा शाळेलगतची वेळ मागा. फोन बाहेरच्या खोलीत, तुमचाही. 'अलार्मला लागतो' म्हणेल, म्हणून आधीच एक साधं गजराचं घड्याळ आणून ठेवा.

घसरलं तर

घसरणारच. परीक्षा, लग्नसराई, पाऊस यांत मैदान सुटतं. पावसाळ्यासाठी शाळेचा व्हरांडा आणि दोरीवरच्या उड्या आधीच ठरवून ठेवा. बंद पडल्यावर पुन्हा सुरू करायला निमित्त लागतं, ते सुट्टी लागण्यापूर्वीच तारखेसह जाहीर करा.

मुलाच्या खिशात पुडी सापडली तर त्याच मिनिटाला बोलू नका, आवाज चढतो. दुसऱ्या दिवशी, शक्यतो गाडीवर किंवा चालताना, म्हणजे डोळ्यांत बघावं लागत नाही. पहिला प्रश्न 'का?' नसावा, 'कुणासोबत आणि कधी?' असावा. त्याच्या उत्तरात संध्याकाळचं ते भोक सापडतं. सवय लागलेली असेल तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन खचलेलं, झोप उडालेली, मित्र तुटलेले असं दिसत असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीतून बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असल्याची शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. हे तीन नंबर मैदानावरच्या गुणांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलं ती वही पालकांच्या वहीपेक्षा जास्त वेळा उघडतात.